पाय पाहिले, ठीक

"पोरगी कुरकुर करतेय तोवर खुशाल राहा. कुरकुर थांबली की मला फोन करा," असं ड्रिलमास्तर पहिल्याच पालकसभेत म्हणाले आणि मी शेजारच्या बाईकडे बघून हसले.

हसण्यासारखंच होतं ते. सभा हस्तकलेच्या वर्गात होती. बसायला बालवाडीच्या बुटक्या खुर्च्या, त्यामुळे सगळ्या आयांचे गुडघे हनुवटीला लागलेले. समोर हे निवृत्त सैनिक, एका कानाने कमी ऐकणारे, म्हणून जगालाच कमी ऐकू येतं अशा आवाजात बोलणारे. आमच्या घरी तर कुरकुरीचा कारखानाच होता. मोजे टोचतात, दप्तर जड आहे, जिना फार आहे, दुधावर साय आहे, सायीखाली दूध आहे. शाळेच्या छात्रसेनेत जाऊन यातली निम्मी कुरकुर जरी थांबली तरी मी ड्रिलमास्तरांना हार घातला असता. फोन कसला करतेय!

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते. ही गोष्ट माझ्या तेरा वर्षांच्या मुलीच्या डाव्या नडगीची आहे. मुलगी आज घरात आहे, चालते आहे, आत्ताही आतल्या खोलीत कसलंतरी गाणं लावून बसली आहे. तिच्यासाठी जीव टांगणीला लावू नका. लावायचाच असेल तर दुसरीसाठी राखून ठेवा, ती पुढे येईल.

मी मुळात काळजीखोर आहे. पदवी हातात पडली आणि वर्षभरात लेक कडेवर आली, त्यामुळे शिकलेलं सगळं आधी तिच्यावरच वापरून झालं. आजही ती शाळेतून आली की पाण्याच्या बाटलीत किती पाणी उरलंय ते मी बघते, कपाळाला हात लावते, नखं बघते, वहीत अक्षर मोठं झालंय का बारीक तेही बघते. नवरा म्हणतो, "तू आई आहेस की चेकनाका?" तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याचं म्हणणं असं की यंत्र आवाज करत नसेल तर त्याला हात लावायचा नाही. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. माझं शिक्षण त्यातलंच. आवाज न करणारी दुखणी किती असतात ते मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं.

तर, वर्ष सुरू झालं. गणवेश शिवला, पट्ट्याचं पितळ घासायला चिंध्या गोळा केल्या, टोपी बशीवर ओली करून वाळवायची असते हे कळलं. बूट मी एक नंबर मोठे घेतले. वाढता पाय आहे, वर्षभर पुरतील, आत दोन मोजे घाल म्हटलं. दुकानदार म्हणालासुद्धा, "ताई, कवायतीला मापाचेच बरे." मी म्हटलं, "तुम्हाला काय, दर सहा महिन्यांनी नवे खपतील." तोही हसला, मीही हसले. त्या वर्षी मी बरंच हसले.

सोमवारी आणि गुरुवारी शाळा भरायच्या आधी कवायत. पहिले तीन आठवडे कुरकुर अशी की विचारू नका. मग एके दिवशी लेक धावतच घरात आली. "आई, मला नाव पडलं!"

"कसलं नाव?"

"घण! सर म्हणाले, हा आवाज ऐका, टाच अशी पडली पाहिजे. मी एकटीने आपटून दाखवलं. सगळी तुकडी बघत होती. झाडावरचे पक्षी उडाले, आई, खरंच उडाले."

तिने तिथेच, फरशीवर, डावा पाय मांडीपर्यंत उचलून आपटून दाखवला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीने छत ठोकलं. आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो. त्या दिवसापासून तुकडीत ती घण. आणि घण म्हटलं की घणासारखं आपटणं आलंच, दर सोमवारी, दर गुरुवारी, आणि मधल्या दिवशी जिन्याखाली सरावासाठी.

छात्रसेनेत एक पद्धत होती, ती नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलं. प्रत्येक मुलीला एक जोडीदारीण. लांब चालणं झालं की जोड्यांनी समोरासमोर बसायचं, बूट-मोजे काढायचे आणि एकमेकींचे पाय बघायचे. फोड, सूज, दुखरी जागा. मग वहीत जोडीदारणीच्या नावापुढे लिहायचं, 'पाय पाहिले, ठीक,' आणि सही. स्वतःच्या पायाची सही स्वतः करायची नाही. वर आणखी एक नियम होता. जोडीतल्या एकीला विश्रांती मिळाली तर दुसरीलाही बसावं लागायचं. एक उतरली की दोघी उतरल्या.

मला ही पद्धत फार आवडली होती. मी नवऱ्याला म्हटलंही, "बघ, माझ्याशिवाय आणखी कुणीतरी हिचे पाय बघतंय."

"बिचारीला पगार किती?" तो म्हणाला.

ती बिचारी म्हणजे काडी. तुकडीने ठेवलेलं नाव. मान लांब, मनगटं इतकी बारीक की गणवेशाची बाही पताकेसारखी हलायची, आणि एकच वेणी, चार पिनांनी डोक्याला गच्च बसवलेली. पहिल्यांदा घरी आली तेव्हा चपला दाराबाहेर जुळवून ठेवल्या आणि सतरंजीच्या कडेवर बसली.

"नीट बस गं, सतरंजी काही चावत नाही," मी म्हटलं.

"बरी आहे मी, काकू."

"घरी कोण कोण असतं?"

"बाबा पुलावर असतात." म्हणजे नवे पूल जिथे उभे राहतात तिथे क्रेन जोडायचं काम त्यांचं, हे लेकीने मागाहून सांगितलं. आठ-आठ, दहा-दहा दिवस ते तिकडेच.

"मग तुझ्याजवळ?"

"आजी आहे."

आई कुठे, हे मी विचारलं नाही. काही प्रश्न पोरांना विचारू नयेत असं मला वाटतं. आजी आहे म्हटल्यावर माझी काळजी मिटली. चेकनाक्यावरून गाडी सोडून दिली.

दोघींचं मात्र छान जमलं. प्राथमिक शाळेच्या फाटकासमोर लहान मुलांना रस्ता ओलांडून द्यायची पाळी असली की एक शिट्टी वाजवणार, दुसरी हात आडवा धरणार. तळ्याकाठचा कचरा उचलायला गेल्या तेव्हा काडीने चिखलातून एक आख्खी खुर्ची ओढून काढली, आणि लेक घरी येऊन म्हणाली, "आई, ती त्या खुर्चीवर बसून आम्हाला ऑर्डरी देत होती." छर्ऱ्याच्या बंदुकीने नेम धरायच्या दिवशी लेकीचे दहापैकी दोन लागले, काडीचे नऊ. नकाशा वाचायला शिकवलं त्या दिवशी दोघी मिळून सिमेंटच्या गोदामामागे हरवल्या आणि तिथल्या राखणदाराने त्यांना शाळेत आणून सोडलं. काय हसलो होतो आम्ही!

चौथ्या महिन्यात प्रथमोपचाराचा तास घ्यायला ड्रिलमास्तरांनी मलाच बोलावलं. मी दुकानातून ताणाच्या पट्ट्या, क्रेप बँडेज म्हणतात त्या, नेल्या. लेकीला टेबलावर बसवलं आणि घोट्यापासून नडगीपर्यंत पट्टी तिरकी तिरकी कशी गुंडाळायची ते दाखवलं. काडी अगदी पुढे उभी होती. एकदा बघितलं आणि दुसऱ्यांदा तिने स्वतः बांधली, माझ्यापेक्षा सफाईने.

"काकू, अशी बांधली की चालता येतं?"

"थोडंफार येतं. पण पट्टी म्हणजे औषध नाही बरं का. पायाला विश्रांती हेच औषध."

"आणि विश्रांती नाही मिळाली तर?"

"मिळाली नाही तर मागून घ्यायची," मी म्हटलं, आणि तिच्या पाठीवर थाप मारली. टेबलावर बसलेली माझी लेक खिडकीबाहेर बघत होती. पाय हातात धरून मी तो तास घेतला. त्याच पायात तेव्हा दुखणं सुरू झालं होतं, आणि माझ्या बोटांना ते कळलं नाही. मोजा होता वर. मोज्यावरूनच पट्टी बांधून दाखवली मी, वेळ वाचावा म्हणून.

त्यानंतर घरातली कुरकुर थांबली.

एका दिवसात नाही थांबली. गॅसची शेगडी बारीक करत जावं तशी कमी होत गेली. आधी जिन्याबद्दल बोलणं बंद झालं, मग दप्तराबद्दल. बिछान्यावरची चादर अशी ताणून बसवायची की वर नाणं टाकलं तर उडेल. काही सांगितलं की "हो आई." मी शेजारणींना कौतुकाने सांगत होते. एक म्हणाली, "आमच्या हिलाही टाका हो त्यात." लेक रात्रंदिवस पायघोळ पँट घालायची, म्हणायची थंडी आहे. थंडी होतीच. आंघोळीला वेळ लावायची, म्हटलं वय आहे. झोपताना पायाखाली उशी घ्यायची, म्हणाली, "शिबिरात अशीच झोपतात." शिबिर अजून व्हायचं होतं. मी तेवढंही मनात धरलं नाही.

सगळ्यांचे डोळे त्या शिबिराकडेच लागलेले. वर्षाअखेरीला दहा दिवसांचं, पंचवीस शाळांचं. तिथून परतल्यावर शाळेच्या मैदानावर समारोपाचं संचलन. त्यात घण सगळ्यांच्या पुढे, झेंड्याच्या उजव्या हाताला, आणि तिच्याशेजारी काडी. त्यांनी भिंतीवर दिवस लिहून ठेवले होते आणि रोज एक खोडत होत्या.

याच दिवसांत काडी दुकानात यायला लागली.

"काकू, आजीचे गुडघे दुखतात. लावायचं काही आहे?"

मी तिला चोळायच्या मलमाची नळी दिली, तिने दोन मागून घेतल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन. मग ताणाची पट्टी. माझा जीव कळवळला. एवढीशी पोर म्हातारीचं करते! "आजीला एकदा घेऊन ये ना गं, आपण डॉक्टरांना दाखवू."

"ती जिने उतरत नाही, काकू."

"मग मी येते."

"नको, ती ओळख नसली की घाबरते."

पट्टीच्या टोकाची पिन आजी हरवेल म्हणून मी त्या टोकाला एक निळ्या दोऱ्याचा फास शिवला आणि दुसऱ्या बाजूला शर्टाचं बटण लावून दिलं. काउंटरवर उभ्या उभ्या. काडी माझ्या हाताकडे बघत होती. म्हणाली, "काकू, तुम्ही फार चांगल्या आहात." तिचे डोळे भरून आलेले बघून मला वाटलं, आईची आठवण झाली असेल.

शिबिराला सहा दिवस उरले होते. रविवार होता. सकाळी तुकडी शेवटच्या लांब चालीला गेली होती, शाळेपासून पाण्याच्या टाकीवरून कालव्याच्या रस्त्याने जुन्या दगडखाणीपर्यंत आणि परत. मी कपडे धुवायला काढत होते. न्हाणीघराच्या दारामागच्या खुंटीवर लेकीचा जुना गणवेश होता, तो उचलला तर त्याखाली ओली पट्टी वाळत घातलेली. ताणाची. टोकाला निळ्या दोऱ्याचा फास, आणि दुसऱ्या बाजूला शर्टाचं बटण.

आपलीच शिवण ओळखायला किती वेळ लागतो? मी ती पट्टी हातात धरून उभी होते आणि पाणी भरून बादलीबाहेर वाहत होतं. आजी, जिने, मलम, पँट, उशी. एकामागून एक सगळं जागेवर बसत गेलं.

ड्रिलमास्तरांना फोन लावला, बंद. चालीत फोन बंद ठेवायचा त्यांचाच नियम. नवरा म्हणाला, "अगं, येतीलच दोन तासांत."

"दोन तास ती त्या पायावर चालणार आहे, अरे!"

मग तोही चप्पल शोधायला लागला, पण मी थांबले नाही. स्कूटर काढली. ओल्या हातांनी, घरातल्या कपड्यांनी. पाण्याच्या टाकीपाशी कुणी नाही. तिथल्या ट्रकच्या वजनकाट्यावरचा माणूस म्हणाला, "मुली ना? गेल्या की मघाशीच, गाणं म्हणत." कालव्याचा रस्ता सरळ आहे आणि त्या दिवशी तो संपत नव्हता. दर खड्ड्याला मला वाटायचं, तिचा पाय आता या खड्ड्यात पडला असेल.

लहान पुलापाशी गाठल्या. दोन रांगा, पाठीवर पिशव्या, गाणं चालू. दुसऱ्या जोडीत माझी लेक, हात कमरेपर्यंत जाणारे, मान ताठ. बघणाऱ्याला काहीसुद्धा कळलं नसतं. मी स्कूटर आडवी घातली.

"तुकडी, थांब!" ड्रिलमास्तर ओरडले. टाचा आपटल्या, आणि त्यात तिची सगळ्यात मोठी. "बाई, चालीत पालक येत नसतात."

"हिचा बूट काढा."

"पायतपासणी चाल संपल्यावर असते."

"आत्ता काढा. डावा."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. ओठ न हलवता पुटपुटली, "आई, जा ना तू. प्लीज." आणि मग मोठ्याने, समोर बघत, "पाय ठीक आहे, सर!"

"मी पाहिलाय, सर," काडी म्हणाली. "ठीक आहे."

ड्रिलमास्तरांनी माझ्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं. मग काही न बोलता गुडघ्यावर बसले आणि स्वतः नाडी सोडली. दोन मोजे. आत आणखी एक पट्टी. नडगी आतल्या बाजूने सुजलेली, चकाकत होती. त्यांनी अंगठ्याने जरासं दाबलं. लेक रडली नाही. तिने फक्त शेजारच्या काडीचा पट्टा धरला, इतका घट्ट की ती पुढे ओढली गेली.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "ही रेघ दिसते? हा तडा. पडून झालेला नाही, आपटून आपटून झालेला. हिला कित्येक आठवडे दुखत असणार."

"आणि तशीच चालली असती तर?"

"चालली असती तर एखाद्या दिवशी चालता चालता हाड दोन झालं असतं," ते म्हणाले, आणि मग लेकीकडे वळून, "शूर आहेस. पुढच्या वेळी जरा भित्री हो."

सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर सहा महिने उडी नाही, धाव नाही, कवायत नाही. आत नवरा तिच्याजवळ बसला होता. मी बाहेर आले. बाकाजवळ काडी उभी होती, लेकीचा बूट छातीशी धरून. ती आमच्यामागून कशी आली, चालत की कुणाच्या गाडीवर, कोण जाणे. मी तिच्यावर तुटून पडले.

"तुला काही वाटलं नाही? माझ्या दुकानातून, माझ्याच मुलीसाठी, माझ्या तोंडावर खोटं बोलून औषध नेत होतीस? मी सुईदोरा घेऊन बसले तुझ्यासाठी!"

तिने टाचा जुळवल्या. खरंच, सावधान उभी राहिली, दवाखान्याच्या व्हरांड्यात. "चूक माझी, काकू."

"मला ती भाषा नको. उद्या तुझ्या आजीला घेऊन ये. नाहीतर मी येते घरी."

"आजी नाहीये, काकू."

"नाहीये म्हणजे? कुठे गेलीय?"

"म्हणजे... कधीच नव्हती. एकटी राहते कळलं की बाबांना त्रास होतो. लोक विचारतात."

आज मी हे लिहिते तेव्हा पुढचं वाक्य लिहायला हात उचलत नाही. त्या क्षणी मला आई म्हणून जे सुचायला हवं होतं ते सुचलं नाही. मी म्हटलं, "जा. घरी जा तू." तिने बूट बाकावर ठेवला, नाड्या आत खोचल्या, आणि ती गेली. भिंतीला हात न लावता, खांदे न पाडता, व्हरांड्याच्या टोकापर्यंत ताठ चालत.

नियमाप्रमाणे दोघी उतरल्या. शिबिराला दोघींऐवजी दुसऱ्या दोघी गेल्या. शिबिर आटपल्यावर ड्रिलमास्तर घरी आले, त्या वह्या घेऊन. पानापानावर काडीच्या ठसठशीत अक्षरात लेकीच्या नावापुढे, 'पाय पाहिले, ठीक.' आणि लेकीच्या गिचमिड अक्षरात काडीच्या नावापुढे तेच.

"एक उतरली की दोघी, हा नियम मीच केला होता," ते म्हणाले. "एकमेकींना जपतील म्हणून."

"जपलं की त्यांनी."

त्यांनी वह्या मिटल्या. "घरात कुरकुर थांबली होती?"

"हो."

ते चहा तसाच ठेवून उठले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी काडीकडे जाणार होते. खरंच जाणार होते. पण लेकीला उचलायचं, बसवायचं, तिचं रडणं, तिचं आमच्याशी न बोलणं. त्यात राग पुरता उतरला नव्हता हेही आहेच, खोटं कशाला सांगू? आज जाऊ, उद्या जाऊ करत समारोपाचा दिवस आला. लेक मैदानाच्या कडेला खुर्चीत बसली, कुबड्या मांडीवर. तुकडी समोरून गेली तेव्हा तिचा प्लास्टरमधला पाय आतल्या आत ताल धरत होता. मी दोन्ही रांगा डोळ्यांनी चाळल्या, प्रेक्षकांतही पाहिलं.

"काडी कुठे गं?"

"गेली, आई. गेल्या शनिवारी. बाबांचा पूल झाला. आता दुसरीकडे." लेक माझ्याकडे बघत नव्हती. "मला चिठ्ठी पाठवली होती. तुला सांगू नको म्हणाली, तू चिडलेली आहेस."

बँड वाजत होता. ती एकदम माझ्या कानाशी झुकली. "आई, एक सांगू? ओरडू नकोस."

"सांग."

"तिचे पाय मी कधी बघितलेच नाहीत."

"म्हणजे?"

"वर्षभर. ती मोजे काढायचीच नाही. म्हणायची, माझं सोड, तू सही कर, तुझं बघू आधी. आणि मला माझंच इतकं दुखायचं की मी करून टाकायचे सही." ती कुबडीचं रबर नखाने सोलत होती. "शेवटी शेवटी ती जिना एकेक पायरी उतरायची. मला वाटलं माझ्यासाठी थांबते."

बाकावर बूट ठेवून गेलेली ती ताठ पाठ माझ्या डोळ्यांपुढे आली. माझ्या मुलीने वर्षभर घण घातला, तर शेजारी तिच्याच तालावर आणखी एक टाच पडत होती. तितक्याच वेळा, त्याहून बारीक हाडावर. आणि मला दुसरं आठवलं. ती नेहमी दोन नळ्या न्यायची. मी लेकीला विचारलं. तिला दर वेळी एकच मिळत होती.

मग मी करायचं ते सगळं केलं, उशिरा. शाळेच्या अर्जावरचा नंबर लागत नाही. अर्जावर आजीची म्हणून जी सही आहे ती तेच ठसठशीत अक्षर. ड्रिलमास्तरांनी तिच्या बाबांच्या कंपनीत विचारलं, तर म्हणाले, सध्या तीन ठिकाणी पूल चालू आहेत, माणसं फिरती असतात. तिन्ही ठिकाणच्या शाळांना त्यांनी पत्रं धाडली, मीही धाडली. उत्तर नाही. लेक रोज टपालपेटी बघते. आता ती पुन्हा कुरकुरते, प्लास्टर निघालं तरी पाय खाजतो म्हणते, आणि मी देवाचे आभार मानते.

एवढं मला पक्कं माहीत आहे, की काडी जिथे असेल तिथे ती छात्रसेनेत असेल. टोपी घालून झोपणारी मुलगी आहे ती. नवं वर्ष सुरू झालं आहे, तिला नवी जोडीदारीण मिळाली असेल, आणि ती नव्या मैत्रिणीचे पाय अगदी मन लावून बघत असेल.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या गावाजवळ पूल बांधला जात असेल, तुमच्या मुलीच्या तुकडीत यंदा एक नवी मुलगी आली असेल, लांब मानेची, वेणी चार पिनांनी गच्च बसवलेली, काहीही विचारलं की "बरी आहे मी" म्हणणारी, तर कशी आहेस असं तिला विचारू नका. तिला खाली बसवा. दोन्ही बूट काढायला लावा, मोजेसुद्धा, ती कितीही नको म्हणाली तरी. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा हळूच वरून खाली फिरवा आणि त्या वेळी पायाकडे बघू नका, तिच्या हाताकडे बघा, तो काय धरतो ते. मग तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत जा आणि दार कोण उघडतं ते पाहा. मी रागावलेली नाही एवढं तिला सांगा. हे या आठवड्यातच करा. गुरुवारी सकाळी पुन्हा कवायत असेल.